काढलेली गाठ कुठे गेली?



स्तनातील गाठ लपवू नका, वेळेवर डॉक्टरांना दाखवा, असे मी मागे याच सदरात लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यातले एक पत्र मराठवाड्यातील एका भगिनीचे आहे. ती लिहिते, "ताई, तुमचा लेख वाचण्याआधीच माझी गाठ काढून झाली होती. डॉक्टर म्हणाले, साधी आहे. आठ-दहा दिवसांत टाके काढले. आता मी कामावरही जाते. पण तुम्ही लिहिता की रिपोर्ट बघा. मला रिपोर्ट कोणी दिला नाही आणि मीही मागितला नाही. गाठच अंगातून निघून गेली, मग आता तपासायचे काय राहिले?"

पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण हाच प्रश्न २०१६ साली आमच्या घरात विचारला गेला होता, आणि तो विचारणारी मीच होते. आज तीच हकिगत सांगते. स्वतःची चूक चारचौघांत सांगणे सोपे नाही. पण एका घराच्या चुकीतून दहा घरे शहाणी होणार असतील, तर ती झाकून ठेवण्यात कसले शहाणपण?

माझे माहेर तालुक्याच्या गावी. दादा गवंडीकाम करतो. वहिनी अंगणवाडीत मदतनीस. वस्तीतल्या प्रत्येक पोराचे वजन तिला तोंडपाठ असायचे; पण स्वतःच्या डाव्या स्तनातली लिंबाएवढी गाठ तिने सात महिने कोणाला सांगितली नाही. "दुखत नव्हती, म्हणून बोलले नाही," हे तिचे कारण. न दुखणारी गाठही तेवढीच, किंबहुना जास्त, तपासण्यासारखी असते, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या वर्षी मार्चच्या शेवटच्या शनिवारी एका खाजगी दवाखान्यात तिची गाठ काढली. दुपारी डॉक्टरांनी दादाच्या हातात एक बरणी आणि एक चिठ्ठी दिली. "साधीच दिसते, तरी लॅबला देऊन टाका," असे ते म्हणाले. बरणीत नुसते सलाईन होते. जिल्ह्याच्या ठिकाणी दादा पोचला तेव्हा लॅब बंद झाली होती. त्याने मला फोन केला. मार्चअखेर असल्यामुळे मी ऑफिसात व्हाउचरांच्या ढिगाऱ्यात बसले होते. मी म्हणाले, "दादा, गाठ निघाली ना? मग आता घाई कसली? तपासून तरी काय होणार? सोमवारी दे."

ती बरणी दोन रात्री आमच्या घराच्या खिडकीत राहिली. दिवस उन्हाळ्याचे होते.

सोमवारी लॅबमधल्या माणसाने झाकण उघडले आणि तोंड बाजूला केले. तरीही त्याने ती गाठ औषधात घातली आणि आठ-दहा दिवसांनी दोन कागद दिले. दोन्ही इंग्रजीत. दादा सातवी शिकलेला. दुसऱ्या कागदावर त्याला दोन ठिकाणी एकच ओळखीचा शब्द दिसला, निगेटिव्ह. रक्ताच्या तपासणीत निगेटिव्ह म्हणजे रोग नाही, एवढे आता सगळ्यांना माहीत आहे. त्याने मला आनंदाने फोन केला, "निगेटिव्ह आलं गं!" मीही सुटकेचा निःश्वास टाकला आणि कामाला लागले.

१४ एप्रिलला मी गावी गेले. बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. वस्तीत पताका लागल्या होत्या, वहिनी निळी किनार असलेली पांढरी साडी नेसून खिरीच्या पातेल्याजवळ उभी होती. मिरवणुकीला अवकाश होता म्हणून मी सहज म्हटले, "दादा, ते कागद दाखव बघू." पहिल्याच कागदावर, मध्यभागी, लिहिले होते: इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा. म्हणजे कॅन्सर. आणि 'निगेटिव्ह' हा शब्द ज्या ओळींत होता त्यांचा 'रोग नाही' याच्याशी काहीही संबंध नव्हता.

त्या दिवशी मला जे कळत नव्हते ते पुढे मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आणि तिथल्या लॅबमधल्या एका भल्या बाईंनी समजावून सांगितले. तेच आता माझ्या भाषेत तुम्हाला सांगते.

गाठीचे पुढे काय होते?

शरीरातून काढलेला मांसाचा तुकडा लगेच खराब व्हायला लागतो. आपल्याकडे बाजारातून आणलेल्या मासळीला वेळेवर मीठ लागले तर ती टिकते, उशीर झाला तर मीठ लावूनही उपयोग नसतो. गाठीचे तसेच आहे. तिला लागणारे मीठ म्हणजे फॉर्मलिन नावाचे औषध. गाठ काढल्यापासून एका तासाच्या आत ती फॉर्मलिनमध्ये पडली पाहिजे. औषध गाठीच्या निदान दहापट हवे, भांडे रुंद तोंडाचे हवे. गाठ मोठी असेल तर औषध आतपर्यंत पोचावे म्हणून तिला नीट चिरा द्याव्या लागतात, आणि ते काम जाणकाराचे असते. पुढच्या तपासण्या भरवशाच्या व्हायच्या असतील तर गाठ फॉर्मलिनमध्ये कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास असावी, असा दंडक आहे. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवलेली गाठ म्हणजे मीठ न लावलेली मासळी.

लॅबमध्ये गाठ मोजतात, कापून बघतात आणि तिचे लहान तुकडे घेतात. त्यांतले पाणी काढून ते मेणात बसवतात. तो मेणाचा छोटा ठोकळा म्हणजे ब्लॉक. यंत्रावर त्याचे केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काढतात, काचेच्या पट्टीवर चढवतात आणि जांभळा-गुलाबी रंग देतात. ही पट्टी म्हणजे स्लाइड. मग पॅथॉलॉजीचे डॉक्टर ती सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात. रक्तातल्या साखरेसारखा तो सकाळी देऊन संध्याकाळी मिळत नाही.

हा ब्लॉक फार मोलाचा असतो. त्यातून पुन्हा पुन्हा काप काढता येतात. काही वर्षांनी एखादी नवी तपासणी निघाली किंवा दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असले, तर तो उपयोगी पडतो. आम्ही ऑफिसात जुनी मूळ फाइल जपून ठेवतो ना, तसा हा गाठीचा मूळ दस्तऐवज आहे. रिपोर्ट ही त्याची नक्कल.

पहिला कागद: गाठ कोणती?

भगिनींनो, आधी धीराची गोष्ट सांगते. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. तरुण मुलींना होणारी, बोटाखाली सरकणारी फायब्रोएडिनोमाची गाठ ही साधी असते. काही गाठी पाण्याच्या असतात. आपल्या देशात काही वेळा ती क्षयाची गाठ निघते आणि तिला क्षयाच्याच गोळ्या लागतात. फायलॉइड्स नावाची एक गाठ वरून थेट फायब्रोएडिनोमासारखी दिसते, पण ती अपुरी काढली तर पुन्हा वाढते, आणि क्वचित घातकही असते. काही साध्या गाठींत पेशींची वेडीवाकडी वाढ सापडते. तो कॅन्सर नव्हे, पण अशा बाईला पुढे कॅन्सर होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट असते, म्हणून तिने नियमाने तपासणी करत राहावी लागते.

आता सांगा, हे सगळे हाताला कसे कळणार? कितीही अनुभवी सर्जन असोत, "साधी दिसते" हा त्यांचा अंदाज असतो. निकाल सूक्ष्मदर्शकच देतो. म्हणून नियम एकच: काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला गेलीच पाहिजे. साधी वाटली तरी.

गाठ कॅन्सरची निघाली तर पहिल्या कागदावर आणखी चार गोष्टी हव्यात. गाठ किती मोठी होती. तिचा ग्रेड काय, म्हणजे १, २ की ३. आकडा जितका मोठा तितकी ती वाढायला तापट. तिच्या कडा, ज्यांना मार्जिन म्हणतात, मोकळ्या आहेत की रोग कडेपर्यंत पोचला आहे. कडेला रोग असेल तर आत काही राहिले असण्याची भीती असते. आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर किती तपासल्या आणि त्यांतल्या किती रोगाच्या निघाल्या. पुढचे उपचार या चार गोष्टींवर बेतलेले असतात.

दुसरा कागद: गाठीचा स्वभाव कसा?

आमच्या दादाला फसवले ते या दुसऱ्या कागदाने. यात ई.आर., पी.आर. आणि हर-टू अशा तीन तपासण्या असतात. त्या कॅन्सर आहे की नाही हे सांगत नाहीत. कॅन्सर आहे हे ठरल्यानंतर तो कोणत्या औषधाला दाद देईल, हे त्या सांगतात.

ई.आर. आणि पी.आर. ही पेशीत असलेली कुलपे आहेत असे समजा. बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक रस असतात, त्या किल्ल्या. काही कॅन्सरच्या पेशी या किल्लीवरच वाढतात. याचा पहिला सुगावा १८९६ साली लागला. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बायकांची बीजांडे काढली आणि काहींची गाठ लहान झाल्याचे जगाला सांगितले. हे काहींच्याच बाबतीत का घडते, याचा उलगडा व्हायला आणखी साठ-सत्तर वर्षे जावी लागली. अमेरिकेत शिकागो येथे एलवुड जेन्सन यांनी पेशीतले हे कुलूप शोधून काढले. आज काप घेऊन त्याला खास द्रावण लावले की ज्या पेशींत कुलूप आहे त्या तपकिरी दिसतात. शंभरातल्या एका जरी पेशीत ते दिसले, तरी गाठ ई.आर. पॉझिटिव्ह धरतात. जिथे प्रमाण १ ते १० टक्के असते तिथे 'कमी पॉझिटिव्ह' अशी वेगळी नोंद करतात.

आणि इथे, भगिनींनो, 'पॉझिटिव्ह' हा शब्द चांगला आहे. कारण या कुलपात काडी मोडून बसवणारी गोळी आपल्याकडे आहे. तिचे नाव टॅमॉक्सिफेन. कुलपात काडी अडकली की किल्ली आत जात नाही, तसेच हे आहे. जगभरच्या अनेक चाचण्या एकत्र करून २०११ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ई.आर. पॉझिटिव्ह असलेल्या बायकांनी ही गोळी पाच वर्षे घेतली, तर या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे त्यात दिसले. गोळी जुनी आहे आणि कॅन्सरच्या औषधांत स्वस्तातली आहे. गरिबाला परवडणारी. पाळी गेलेल्या बायकांसाठी याच कामाच्या दुसऱ्या गोळ्याही आहेत. पण ज्या गाठीत कुलूपच नाही तिथे या गोळीचा उपयोग नाही. म्हणजे कागदावर चुकून 'निगेटिव्ह' लिहिले गेले, तर त्या बाईची जीव वाचवणारी गोळीच हुकते.

हर-टू हे पेशीच्या अंगावरचे एक प्रथिन. ते फार झाले की पेशी भराभर वाढते. त्याचे गुण ०, १, २ आणि ३ असे देतात. ० आणि १ म्हणजे निगेटिव्ह, ३ म्हणजे पॉझिटिव्ह. २ आले तर निकाल लागलेलाच नसतो. त्याच ब्लॉकवर फिश नावाची आणखी एक तपासणी करून तो लावायचा असतो. कितीतरी घरे इथेच थांबतात. 'दोन' म्हणजे मधले, म्हणजे चालण्यासारखे, असे समजून फाइल बंद करतात. हर-टू पॉझिटिव्ह रोग पूर्वी फार वाईट समजला जाई. ट्रास्टुझुमॅब या इंजेक्शनाने ते चित्र बदलले. ते अमेरिकेत १९९८ साली मंजूर झाले, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्या देशातही त्याची देशी, कमी किमतीची रूपे निघाली आहेत. १ आणि २ गुणांनाही आता वेगळा अर्थ आला आहे. रोग पसरलेला असेल तर हर-टू थोडेच असलेल्या गाठींवरही चालणारे एक औषध २०२२ पासून वापरात आले. ते फार महाग आहे, हे खरे. पण म्हणूनच नुसते 'निगेटिव्ह' ऐकून घेऊ नका, गुण किती ते कागदावर बघा.

तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. आपल्या देशातल्या बायकांत त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसते. त्यावरही उपचार आहेत, केमोथेरपी आहे. तेव्हा तीन निगेटिव्ह म्हणजे तीनदा सुटका नव्हे, आणि आशा संपली असेही नव्हे.

वहिनीचा दुसरा रिपोर्ट

वहिनीच्या कागदावर ई.आर. निगेटिव्ह, पी.आर. निगेटिव्ह आणि हर-टू २ असे होते. शेवटी बारीक अक्षरांत एक टीप होती: नमुना वेळेवर फॉर्मलिनमध्ये आलेला नाही, निकाल जपून वाचावा, शक्य असल्यास तपासणी पुन्हा करावी. उन्हात विटलेल्या कापडावरून मूळ रंग कळत नाही, तशी ती गाठ झाली होती. कुलपे असली तरी नासून गेली होती.

मुंबईच्या रुग्णालयात आम्ही स्लाइड आणि ब्लॉक घेऊन गेलो. पुन्हा शस्त्रक्रिया झाली. स्तन काढावा लागला, काखेतल्या १४ ग्रंथी काढल्या. हा नमुना ऑपरेशन थिएटरमधूनच फॉर्मलिनमध्ये गेला. दोन ग्रंथींत रोग निघाला. एरवी ही बातमी वाईटच. पण त्या ग्रंथींतल्या रोगावर तिन्ही तपासण्या नव्याने करता आल्या. ई.आर. पॉझिटिव्ह. पी.आर. पॉझिटिव्ह. हर-टू पुन्हा २, म्हणून फिश केली. ती निगेटिव्ह आली. बाई तीच आणि रोग तोच. एक नमुना खिडकीत सडला, दुसरा वेळेवर औषधात पडला. एवढाच काय तो फरक.

केमोथेरपी झाली, शेक झाला आणि मग वहिनीची गोळी सुरू झाली. दादाने पतपेढीचे कर्ज काढले होते, ते फिटायला चार वर्षे लागली. गोळी पाच वर्षे चालली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढेही चालू राहिली. वहिनी आज अंगणवाडीत आहे. परंतु त्या ग्रंथींत रोग नसता, पुन्हा तपासायला काही हाती लागलेच नसते, तर माझ्या "सोमवारी दे" या दोन शब्दांनी तिची गोळी हिरावून घेतली असती. हा विचार मला अजूनही झोपू देत नाही.

आपल्याकडेच असे का होते?

जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार बायका त्याने दगावल्या. यात आपल्या वस्त्यांतल्या आयाबहिणी आहेत. माझी आजी 'छातीच्या दुखण्याने' गेली एवढेच आम्हाला माहीत आहे. दुखण्याचे नावसुद्धा तिच्या वाट्याला आले नाही.

आपण उशिरा जातो. अंगारा, दोरा, लेप यांत महिने घालवतो. "सुई टोचली की रोग पसरतो" या खोट्या भीतीने सुईची तपासणी नाकारतो. खरे तर आज गाठ काढण्याआधी जाड सुईने तुकडा घेऊन निदान करण्याचीच योग्य पद्धत आहे. वहिनीची ती झाली असती, तर दोनदा भूल घ्यावी लागली नसती. शस्त्रक्रियेचे पैसे कसेबसे जमवतो आणि तपासणीची वेळ आली की खिसा रिकामा असतो. मग बरणी घरी येते, किंवा दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीतून जाळायला जाते. शिवाय डॉक्टरांना प्रश्न विचारायचा आपल्याला संकोच वाटतो. पिढ्यान् पिढ्या आपल्याला हात बांधून उभे राहायला शिकवले गेले. तो संकोच अजून अंगातून गेलेला नाही.

पण आपण कोणाची लेकरे आहोत? कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. रिपोर्ट मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चांगले डॉक्टर स्वतःच तो मागतात. आणि १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामकरी बायकांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बाबासाहेब उभे राहिले, ते बाईच्या शरीराची काळजी ही दयेची नव्हे तर हक्काची बाब आहे म्हणून. रिपोर्ट हाही आपला हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत स्पष्ट आहे की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने उपचाराचे कागद मागितले तर ते ७२ तासांत द्यायचे, आणि दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपायचे.

तेव्हा एवढे करा

१. शस्त्रक्रियेच्या आधीच विचारा: गाठ तपासणीला कुठे जाणार? फॉर्मलिन दवाखान्यात आहे का? लॅबपर्यंत कोण नेणार? शनिवार-रविवार मध्ये येतो का?

२. तपासणीचे पैसे शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. काय योजनेत बसते आणि काय नाही, हे दाखल होण्याआधी त्याच्याकडून समजून घ्या.

३. बरणी तुमच्या हाती दिली तर तिच्यावर रुग्णाचे पूर्ण नाव, तारीख, वेळ आणि कोणत्या बाजूची गाठ, हे लिहिलेले आहे का ते बघा. आत फॉर्मलिन आहे ना, हे विचारल्याशिवाय दवाखाना सोडू नका. घरचे पाणी, स्पिरिट, बर्फ काही घालू नका. फॉर्मलिन विषारी असते. झाकण उघडू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. थेट लॅब गाठा.

४. पैसे भरल्याची पावती आणि तिच्यावरचा नंबर जपा. रिपोर्ट कधी मिळेल ती तारीख लिहून घ्या आणि त्या दिवशी जा. कोणी बोलावण्याची वाट पाहू नका.

५. रिपोर्ट आला की स्वतः अर्थ लावू नका. 'निगेटिव्ह', 'पॉझिटिव्ह' हे शब्द बघून हसू नका की रडू नका. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: कॅन्सर आहे का? असल्यास ई.आर., पी.आर., हर-टू झाले का? त्यांतले काही अर्धवट राहिले आहे का?

६. दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. मोठी रुग्णालये ते पुन्हा तपासतात. ब्लॉक उन्हात, चुलीजवळ ठेवू नका, मेण वितळते. लॅब ब्लॉक किती वर्षे सांभाळते हेही विचारून ठेवा.

७. काही ठिकाणी जनुकांच्या महागड्या तपासण्या सुचवतात. त्या सगळ्यांना लागत नाहीत. कर्ज काढण्याआधी, "याने माझा उपचार बदलणार आहे का?" असे विचारा.

वहिनीच्या मुलीने मला विचारले होते, "आत्या, मलाही होणार का?" शंभरातले पाच ते दहा स्तनाचे कॅन्सर आनुवंशिक असतात. घरात आई, मावशी, आजी अशा अनेकींना झाला असेल किंवा फार लहान वयात झाला असेल, तर बी.आर.सी.ए. या जनुकांची रक्तावरची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. आणि हो, हा रोग पुरुषांनाही होतो, शंभरात एखाद्याला. तेव्हा घरातल्या दादा-काकांच्या छातीत गाठ आली तर त्यांनीही लाजू नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझे सांगणे: ताई, घाबरू नकोस. तुझी गाठ साधी असण्याचीच शक्यता जास्त आहे. पण शक्यतेवर थांबू नकोस. उद्या दवाखान्यात जा आणि एवढेच विचार: "माझी काढलेली गाठ कुठे गेली?" लॅबला गेली असेल तर रिपोर्ट आणि ब्लॉक तिथे असेल. गेलीच नसेल तर तसे लिहून घे, दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, ते स्तनाची आणि काखेची पुन्हा तपासणी करतील, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी सांगतील. एकटी जाऊ नकोस.

एकटीने जाऊ नये, यासाठीच आमच्या महिला मंडळाने एक साधी वही केली आहे. कोणाची शस्त्रक्रिया झाली, नमुना कोणत्या तारखेला लॅबला गेला, रिपोर्ट कधी यायचा, कोणी आणायचा, कोणत्या डॉक्टरांना दाखवला. ऑफिसातल्या आवक-जावक नोंदीसारखी. रविवारी विहारात वंदना झाली की वही उघडतो. ज्या ओळीपुढे रिपोर्टची तारीख रिकामी असते, त्या बाईच्या घरी दोघीजणी जातात. नाव फक्त त्या बाईच्या परवानगीने लिहितो आणि वही दोघींखेरीज कोणाला दाखवत नाही. याला पैसा लागत नाही. तुमच्या विहारातही हे होऊ शकते.

वर्षावासात आपण ऐकतो, एक भिक्खू आजाराने घाणीत पडला होता, कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने त्याला आंघोळ घातली. आजाऱ्याची सेवा म्हणजे उशाशी बसणे तर आहेच. पण जे काम कोणी करत नाही ते करणे, हीही सेवाच आहे. शनिवारी संध्याकाळी ती बरणी घेऊन उघडी लॅब शोधणे, ही त्या दिवशी माझ्या वाट्याची सेवा होती. मी ती चुकवली. तुम्ही चुकवू नका.

नमो बुद्धाय. जय भीम.